गुडघा बदलल्यावर दिवसभर हिंडतं-फिरतं राहायचं ते कसं?

कोरांटी

नमस्कार मंडळी,

माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन (टोटल नी रिप्लेसमेंट) होऊन महिना उलटला. वय ६४, राहायला पुण्यात, तिसरा मजला, लिफ्ट आहे. टाके निघाले, जखम कोरडी आहे, वॉकर सुटून हातात काठी आली. शुगर आहे, पण आटोक्यात.

फिजिओने दिलेले व्यायाम सकाळ-संध्याकाळ नेमाने होतात. पण मधला अख्खा दिवस उरतो, त्यात किती हालचाल करायची हे कोणी नीट सांगत नाही. घरात प्रत्येकाचं मत वेगळं. जाऊबाई म्हणतात, तीन महिने पलंगावरून उतरू नकोस. मुलाने फोनमध्ये पावलं मोजायचं अ‍ॅप टाकून दिलंय आणि रोज पाच हजार झालीच पाहिजेत म्हणतो. यजमान बिचारे दोघांचंही ऐकतात.

परवा बरं वाटत होतं म्हणून ओट्याशी उभं राहून सगळ्यांच्या पोळ्या केल्या. संध्याकाळी गुडघा टम्म फुगला, रात्रभर ठणकला आणि सकाळी नेहमीइतका वाकेना.

मला घरात नुसतं बसवत नाही. स्वयंपाक, बाल्कनीतल्या कुंड्या, देवपूजा, सोसायटीतलं भजनी मंडळ हे माझं जग. पूर्वी पहाटे पर्वती चढायचे, ती गेली काही वर्षं गुडघ्यापायी सुटली. ती पुन्हा चढायची म्हणूनच तर ऑपरेशनला तयार झाले. ज्यांनी स्वतः किंवा घरात कोणी हे ऑपरेशन केलंय, त्यांनी दिवस कसा काढला ते सविस्तर लिहा, ही विनंती.

तांबडं_फुटलं

लवकर बऱ्या व्हा ताई. आईचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय, त्यामुळे मीही इथे वाचत राहणार.

फिजिओ_सोलापूर

कोरांटीताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमचा गुडघा मी पाहिलेला नाही, तेव्हा तुमच्या सर्जननी वेगळं काही सांगितलं असेल तर तेच धरून चाला.

आधी पोळ्यांचं बोलू. या दिवसांत एका जागी उभं राहणं हे चालण्यापेक्षा जड जातं. चालताना पोटरी आवळते-सुटते आणि पायात साठणारं रक्त व पाणी वर ढकलत राहते. ओट्याशी खिळून उभं राहिलं की हे काम थांबतं आणि सगळं खाली उतरतं. गुडघ्यात सूज भरली की मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला मिळणारा संदेशच कमी होतो. स्नायू जागेवर असतो, पण पूर्ण आवळत नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात हा स्नायू तसाही निम्म्याहून जास्त ताकद गमावून बसलेला असतो, त्यात सूज आली की पाय आणखी ढिला पडतो. तुमचा गुडघा सकाळी वाकेना तो बहुधा या सुजेमुळेच. आत काही मोडलं-सरकलं असेल अशी भीती बाळगू नका.

म्हणून माझ्या पेशंटना मी पावलं मोजायला सांगत नाही, सूज मोजायला सांगते. शिवणाची टेप घ्या. सकाळी अंथरुणातच पाय सरळ ठेवून वाटीच्या मधोमध घेर मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. काल जे केलं त्यानंतर आज घेर तेवढाच किंवा कमी असेल आणि ठणका रात्रीत उतरला असेल, तर आज थोडं वाढवा. घेर वाढला असेल तर आजचं उभं राहणं आणि चालणं निम्म्यावर आणा. मात्र पाय वाकवायचे आणि सरळ करायचे व्यायाम त्या दिवशीही सोडायचे नाहीत. सूज आली म्हणून दोन दिवस गुडघा हलवलाच नाही, तर तो आखडतो आणि पुढचा आठवडा त्यातच जातो.

दुसरं, भेटायला येणारा प्रत्येक जण "किती वाकतो?" असं विचारतो. मी आधी "पूर्ण सरळ होतो का?" हे विचारते. गुडघा दहा अंशांनी जरी वाकलेला राहिला तरी माणूस लंगडतो, मांडीचा स्नायू सतत ताणात राहतो आणि थोडं चाललं की थकतो. त्यासाठी एकच सवय महत्त्वाची आहे. झोपताना, टीव्ही बघताना गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही. फार आराम वाटतो, सगळ्यांना वाटतो, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडायला लागतो. उशी किंवा टॉवेलची गुंडाळी टाचेखाली घ्या, गुडघा हवेत अधांतरी राहू दे, आणि मांडी आवळून गुडघा खाली दाबा. पाच मोजा, सोडा. पेपर वाचता वाचता होणारं काम आहे.

वाकण्याचा हिशेब असा. जिना चढायला साधारण ९० अंश लागतात, नेहमीच्या खुर्चीवरून उठायला त्याहून थोडे जास्त, आणि खोल सोफ्यातून उठायला १०५ च्या पुढे. पहिल्या काही आठवड्यांत ९० गाठायचे आणि तीन महिन्यांपर्यंत ११०-१२० च्या आसपास जायचं, असा बहुतेकांचा प्रवास असतो. ऑपरेशनआधी गुडघा फारच आखडलेला असेल तर यापेक्षा कमीवर समाधान मानावं लागतं.

दिवसाची घडी बसवायची तर अर्धा-पाऊण तास बसल्यावर उठा, पाच-सात मिनिटं घरात किंवा पॅसेजमध्ये चाला, पुन्हा बसा. असं दिवसभर. दुपारी जेवल्यावर आडवं होऊन पाय छातीपेक्षा उंच ठेवा आणि कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं लावा. डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी दिली असेल तर ती व्यायामाच्या अर्धा तास आधी घेतली तर व्यायाम मनासारखा होतो. चालणं हळूहळू वाढवत एका वेळी अर्ध्या तासापर्यंत न्यायचं, तेही दिवसातून दोन-तीनदा, पण तिथे पोचायला वेळ लागू द्या. मुलाला सांगा, पाच हजार पावलं पुढे आपोआप होतील.

आणि हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा: एकाच पायाची पोटरी सुजली, दाबल्यावर दुखली, गरम लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. रक्ताची गुठळी असू शकते. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत जायचं, सकाळची वाट बघायची नाही. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, वाढत जाणारी लाली ही जंतुसंसर्गाची लक्षणं. शुगर असलेल्यांनी तर यात एक तासही घालवू नये. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

कोरांटी

डॉक्टर, किती मनापासून लिहिलंत! टाचेखाली गुंडाळी आत्ता घेऊनच हे टाइप करतेय. उशी गुडघ्याखालीच घेत होते, कारण जाऊबाईंनी प्रेमाने मऊ उशी आणून दिली होती.

नाना_फलटण

आराम नकोच असं मात्र कोणी समजू नये. माझा मेहुणा ऑपरेशननंतर जोशात सकाळ-संध्याकाळ तास तास चालायचा. सूज उतरेना, झोप येईना, माणूस चिडचिडा झाला. शेवटी डॉक्टरांनीच त्याला बसवलं.

फिजिओ_सोलापूर

नाना, तुमचं बरोबर आहे. सलग तासभर या टप्प्यावर जास्तच होतं. पण दुसरं टोकही मी पाहते. घरचे काळजीने माणसाला उठू देत नाहीत, पाणीसुद्धा हातात आणून देतात. दोन महिन्यांनी पेशंट येतो तेव्हा गुडघा ७० अंशांच्या पुढे जात नाही. मग भूल देऊन गुडघा वाकवून मोकळा करावा लागतो आणि तेही साधारण पहिल्या तीन महिन्यांत केलं तरच चांगला उपयोग होतो. घरच्यांच्या पाया पडून सांगावंसं वाटतं, पाण्याचा तांब्या मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवा.

आण्णा_कराड

कोरांटीताई, माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, वय ७१. एकदम नाही केले, एक झाल्यावर सहा-आठ महिन्यांनी दुसरा. अटलजींचेही असेच झाले होते, डावा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये, मुंबईत ब्रीच कँडीला, डॉ. चित्तरंजन राणावत यांच्या हातून. त्या वेळी पेपरात रोज बातमी असायची. गुडघा बदलता येतो हे आमच्या तालुक्याच्या गावात बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं.

घरात आम्ही जे केलं ते लिहितो, कदाचित उपयोग होईल.

देव्हारा जमिनीवरून उचलून टेबलावर आणला. सौ.ना आधी जिवावर आलं, पण आता खुर्चीत बसून अभिषेकासकट सगळी पूजा होते. पोळ्यांसाठी उंच स्टूल घ्या, पाठ असलेलं, बसल्यावर दोन्ही पाय टेकतील असं. पोळ्या बसून लाटायच्या, भाजायला दुसऱ्या कोणाला उभं करायचं. भाजी निवडणं, शेंगा सोलणं, दाणे कुटणं ही कामं बसूनच, आणि बसल्या बसल्या पाय पुढे सरळ करून पाच मोजायचे, खाली घ्यायचा. पाटीभर मटार सोलून होतो तोवर व्यायामाचा एक डाव होऊन जातो.

घरातली सगळी पायपुसणी उचलून टाका. ती गोधडीची गोल पायपुसणी फरशीवर सरकतात. न्हाणीत भिंतीला धरायला दांडी बसवा, खाली रबरी मॅट. हवाई चप्पल नको, मागे पट्टा असलेली घ्या. काठी आणि वॉकरच्या टोकाचं रबरी बूच महिन्या-दोन महिन्यांनी उलटं करून बघा. एका बाजूने झिजून गुळगुळीत होतं आणि पावसाळ्यात पार्किंगच्या टाइल्सवर काठी सटकते. बूच मेडिकलवाल्याकडे मिळतं, फार पैसे पडत नाहीत. काठी ऑपरेशनच्या उलट्या हातात, म्हणजे तुमच्या डाव्या हातात धरायची, हे तुम्हाला सांगितलं असेलच.

जिन्याचा नियम: चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी ऑपरेशनचा पाय खाली, काठी ऑपरेशनच्या पायाबरोबर. लिफ्ट असली तरी एक मजला रोज कोणाला तरी सोबत घेऊन कठड्याला धरून चढा-उतरा, फिजिओने हो म्हटल्यावर.

आणखी तीन गोष्टींना आम्ही उगाच घाबरलो होतो. टाक्याच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर लागते, कारण तिथली बारीक नस चिरेत कापली जाते. बधिरपणा कमी होत जातो, थोडा कायम राहतो. चालताना आतून टक् असा आवाज येतो, तो धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांना लागल्याचा. आणि गुडघा कित्येक महिने दुसऱ्यापेक्षा गरम लागतो. नुसता कोमट असेल आणि बाकी तब्येत बरी असेल तर काळजी नको, डॉक्टरांनी वर लिहिलेली लक्षणं असतील तर मात्र दाखवा.

रात्रीचा ठणका हा सगळ्यात वाईट भाग. दोन-अडीच महिने झोप मोडायची. उठून घरात चार फेऱ्या मारल्या की बरं वाटायचं.

चाफेकळी

आण्णा, वाचनखूण साठवली. पायपुसण्यांचं इतक्या डॉक्टरांपैकी कोणीच सांगितलं नव्हतं.

रेडर_सांगली

माझा विषय जरा वेगळा, पण गुडघ्याचाच. वय २६, कबड्डी खेळतो. चढाईत पाय जमिनीत रुतला आणि शरीर फिरलं, ए.सी.एल. (गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट) तुटलं. मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी (टेंडन) काढून नवं लिगामेंट केलंय. आता दोन महिने होत आले. पाय सरळ होतो, दुखत नाही, सूज नाही. डॉक्टर म्हणतात पळायचं नाही. घरी बसून वेड लागायची वेळ आली. मैदानावर जाऊन पोरांना शिकवावं म्हणतो, थोडा थोडा सराव केला तर चालेल का?

फिजिओ_सोलापूर

रेडर, भाऊ, ही गोष्ट फार गांभीर्याने घे. तुला बरं वाटतंय तो काळच सगळ्यात नाजूक आहे. नवं बसवलेलं लिगामेंट आधी कमकुवत होतं, त्यात नव्याने रक्तपुरवठा सुरू होतो आणि मग ते हळूहळू भक्कम होतं. साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान ते बऱ्यापैकी कच्चं असतं. दुखत नाही म्हणून त्याचा पत्ता लागत नाही.

खेळायला परत जायचं ते नऊ महिन्यांच्या आत नाही. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळाडू जितके महिने थांबला, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा गुडघा दुखावण्याचं प्रमाण निम्म्याने कमी झालं. नऊ महिने झाले तरी नुसत्या तारखेवर जायचं नाही. एका पायावर उडी मारून दोन्ही पायांचं अंतर मोजतात, मांडीची ताकद मोजतात, ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के आला पाहिजे. कबड्डीत अचानक थांबणं, वळणं, कोणीतरी घोटा धरून ओढणं हे सगळं आहे, म्हणून तुझ्यासाठी हे दुप्पट महत्त्वाचं.

तोवर करायला खूप आहे. बसून डंबेल, पुल-अप (उतरताना उडी मारायची नाही, खाली स्टूल ठेव), पोटाचे आणि पाठीचे व्यायाम, चांगल्या पायाचे सगळे व्यायाम. एका पायाची ताकद वाढवली तर दुसऱ्यालाही थोडा फायदा होतो. जागेवरची सायकल: सीट उंच ठेव, आधी अर्धा फेरा पुढे-मागे झुलव, गुडघा पुरेसा वाकला की पूर्ण फेरा. काहींना पहिला पूर्ण फेरा उलटा मारणं सोपं जातं. मग कोरांटीताईंनाही हीच सायकल चालेल, ब्रेक सैल ठेवून.

मैदानावर जरूर जा, पण बाहेर खुर्ची टाकून बस. गुण लिही, पोरांच्या चढाया मोबाइलवर टिपून त्यांना दाखव. रेषेच्या आत पाय टाकायचा नाही.

रेडर_सांगली

निम्म्याने, आणि तेही महिन्याला? हे कोणी सांगितलंच नव्हतं. उद्यापासून खुर्ची.

श्टुटगार्टची_वहिनी

इथे जर्मनीत माझ्या शेजारच्या आजींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून सुटल्यावर त्या घरी न येता तीन आठवडे रिहॅब केंद्रात राहिल्या. इथे ती पद्धतच आहे, खर्च बहुतांशी विमा देतो. दिवसाचं वेळापत्रक हातात मिळतं: सकाळी गटाने व्यायाम, मग सायकल, जखम भरली असेल तर कोमट पाण्याच्या तलावात चालणं, दुपारी विश्रांती, मग जिन्याचा सराव. मी भेटायला जायचे तेव्हा मला सगळ्यात आवडली ती गोष्ट म्हणजे वीस-पंचवीस माणसं एकाच अवस्थेतली. एकमेकांना विचारतात, चिडवतात, एकमेकांचं बघून आणखी एक फेरी मारतात.

आपल्याकडे प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा व्यायाम करतो. कोरांटीताई, तुमच्या सोसायटीत किंवा आसपास अजून कोणाचं ऑपरेशन झालेलं असेलच. दोघी-तिघी मिळून पॅसेजमध्ये चाला. एकटीने पाचव्या दिवशी कंटाळा येतो, दोघींना येत नाही.

कोरांटी

वहिनी, दुसऱ्या विंगमध्ये एक काकू आहेत, त्यांचं माझ्या आधी झालंय. आजच फोन करते. पाण्यातल्या व्यायामाबद्दल कोणी सांगेल का? आमच्या जवळ महापालिकेचा तलाव आहे.

फिजिओ_सोलापूर

पाण्यात छातीपर्यंत उभं राहिलं की शरीराचं बरंचसं वजन पाणी उचलतं, त्यामुळे चालायला छान. पण जखम पूर्ण भरलेली, कुठेही खपली नाही, आणि सर्जनची परवानगी, या दोन्ही गोष्टी हव्यात. तुमची शुगर बघता मी घाई करणार नाही. पोहायला लागलात तर बेडकासारखे पाय मारायचे नाहीत, गुडघ्याला पीळ बसतो. तलावाच्या काठच्या ओल्या फरशीवर मात्र पाण्यापेक्षा जास्त जपा.

आणि योगासनं करणाऱ्यांसाठी: वज्रासन, पद्मासन आता नाही. प्राणायाम खुर्चीत. भजनी मंडळातही खुर्ची, पण तास-दीड तास सलग बसायचं नाही. दोन अभंगांच्या मध्ये उठून उभं राहायचं, टाचा उचलायच्या. टाळ वाजवताना उभं राहून पावली धरायचा मोह आत्ता आवरा.

माउलीची_वाट

ताई, तुम्ही पावलीचा विषय काढायला लावलात म्हणून विचारते. माझे वडील ६८ वर्षांचे, गुडघा बदलून चार महिने झाले. रोज चार-पाच किलोमीटर आरामात चालतात, जिना चढतात. कित्येक वर्षांची आळंदी ते पंढरपूर पायी वारी आहे, दोन वर्षं चुकली. पुढच्या आषाढीला जायचंच म्हणतात. तोवर वर्ष होत येईल. नेऊ का?

आण्णा_कराड

मी गेलोय, दोन्ही गुडघे बदलल्यानंतर, पण पूर्ण वाट चाललो नाही. पुणे ते सासवड हा सगळ्यात मोठा टप्पा आणि त्यात दिवे घाट. तो वडिलांना गाडीने करू द्या. सासवडला मुक्कामी गाठायचं. मी लोणंद ते तरडगाव चाललो, टप्पा छोटा आहे, रस्ता सपाट, आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण मिळतं. त्या गर्दीत धक्का लागतो म्हणून मी कडेला उभा राहिलो आणि मुलाने हात धरला होता. डोळ्यात पाणी आलं ते वेगळंच.

फिजिओ_सोलापूर

आण्णांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. सर्जनना एकदा एक्स-रेसह दाखवून घ्या. मग आत्तापासून आठवड्यात एक दिवस लांब चालणं ठेवा, दुसऱ्या दिवशी सूज बघा, मगच पुढच्या आठवड्यात अंतर वाढवा. वारीत सलग दोन टप्पे चालायचे नाहीत, एक चालायचा, एक सोडायचा. घडीचा स्टूल बरोबर हवा, कारण पंगत जमिनीवर असते आणि मांडी घालून बसायचा आग्रह होतो. शौचालयाची सोय आधी बघून ठेवा, उकिडवं बसणं जमणार नाही, घडीची कमोड खुर्ची सामानात टाका. पायात रोजचे रुळलेले बूट, वारीसाठी घेतलेले नवे नकोत.

माउलीची_वाट

कमोड खुर्ची ट्रकमध्ये ठेवू देतील का? दिंडीत वडिलांना संकोच वाटेल.

आण्णा_कराड

अहो, आमच्या दिंडीच्या ट्रकमध्ये अशा तीन खुर्च्या असतात. दिंडीप्रमुखांना आधी फोन करून सांगा, ते वडिलांचा मुक्कामाचा तंबू ट्रकच्या जवळ लावून देतील. आणि वाटेत पाय भरून आला तर त्याच ट्रकमध्ये पुढे बसायचं.